तीन कोरडे खड्डे

सोमवार, ३ ऑक्टोबर

आठव्या रस्त्यावरची गळती सापडली. वीस मिनिटांत! इंजिनिअरसाहेबांनी दोन दिवस धरले होते.

पहाटे पाचला पोचले. पहाट सोडली तर पाणी ऐकायच्या काठीला काही ऐकू येत नाही. साडेसहाला मिनीबस सुरू होतात, मग रेडिओ, मग चर्चचे लाउडस्पीकर. खणणारा जेरे नेहमीप्रमाणे माझ्याआधी हजर, आणि नेहमीप्रमाणे रिकामा. फावड्यावर हनुवटी टेकून रस्त्यात उभा. एवढा मोठा रस्ता, पण मला जिथे काठी लावायची असते नेमका तिथेच हा उभा राहणार!

"सरक," म्हटलं.

सरकला. काठीचं लोखंडी टोक जमिनीला, वरची वाटी उजव्या कानाला. लगेच – स्स्स्स. स्वच्छ. "खण इथे." कमरेइतकं खणलं आणि पाणी वर आलं.

"बेंबा माणसाचा कान!" जेरे म्हणाला. "झाडावर माकड हललेलं कळतं, तर पाणी का नाही कळणार? माकड म्हणजे तुमचं जेवणच."

"आणि तुझा कान तुमच्या ताटातल्या शेतउंदरांसाठी राखून ठेवलायस?"

सोबत पाणी-प्रकल्पाची परदेशी पाहुणी होती. ती दचकली. तिला सांगावं लागलं – बाई, आम्ही बेंबा जमातीचे, हा न्गोनी. पणजोबा भाल्यांनी लढले, म्हणून पणतवंडांना एकमेकांना काहीही बोलायची मुभा. रागवायचं नाही, एवढाच नियम. साहेबासमोर, पाद्र्यासमोर, मयताच्या घरीसुद्धा. तिने वहीत लिहून घेतलं. काय लिहिलं देव जाणे.

मंगळवार, ४ ऑक्टोबर

सेक्शन चार, शाळेचं फाटक. दहा मिनिटं! आज तर जेरे चक्क झोपला होता – पहार जमिनीत रोवलेली, तिच्यावर डोकं टेकलेलं, डोळे मिटलेले. हाक मारून उठवला. गळती त्याच्या पायाखाली दोन हातांवर. झोपायला जागाही माझ्याच कामाची शोधतो.

मुलीचा फोन आला. "आई, ओरडतेस कशाला? मी बहिरी नाही." लुसाकाची लाइन खराब असते. मोठ्याने बोलावंच लागतं.

बुधवार, ५ ऑक्टोबर

आज खरं काम आलं.

टेकडीवरच्या टाकीत पाणी चढत नाही. खालच्या पंपघराचा मोठा मीटर मी स्वतः वाचला, मग वर जाऊन टाकीचा वाचला. खालून शंभर निघतात, वर साठ पोचतात. चाळीस कुठे जातात? मधली अडीच किलोमीटर लाइन खाणवाल्यांनी पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी पुरलेली. जमिनीवर कुठे ओल नाही, चिखल नाही, एक हिरवं पान जास्त नाही. पाणी आतल्या आत कुठेतरी निघून जातंय.

टेकडीवर दवाखाना आहे. सिस्टर नामुकोलो फाटकातच उभी होती. आवाज चढवत नाही ही बाई, म्हणून तिचं जास्त लागतं.

"मिसेस मुसोंडा, बाळंतपणाच्या खोलीला दिवसात एक तास पाणी येतं. बायका त्या तासाची वाट बघून बाळंत होत नाहीत."

"किती दिवस निभेल?"

"वरून पत्र आलंय. स्वातंत्र्यदिनापर्यंत पाणी सुरळीत झालं नाही तर खोली बंद. सगळ्यांनी शहराच्या इस्पितळात जायचं. अठरा किलोमीटर."

म्हणजे चोवीस तारीख. म्हटलं, "त्याच्या आत पाणी देते. माझा शब्द."

संध्याकाळी इंजिनिअर कपम्ब्वे म्हणाले, लुसाकाहून गळती शोधायचं यंत्र मागवूया का? आज अर्ज केला तर तीन आठवड्यांत येईल. पोरगेले आहेत, पण नम्र आहेत, फाइल दोन्ही हातांनी देतात. मी म्हटलं, साहेब, यंत्राला तीन आठवडे, मला तीन दिवस. ते हसले. "खरं आहे. आपल्याकडे तुमचा कान आहे." अर्जाचा कागद परत ड्रॉवरमध्ये गेला.

किट्वेच्या तंत्रनिकेतनात वर्गात आम्ही दोघीच मुली होतो. मास्तर म्हणायचे, नळाचं काम बायकांचं नव्हे, बायकांनी नळावर यावं फक्त. ते मास्तर गेले. मी तेवीस वर्षं या कंपनीत आहे. मीटर वाचण्यापासून सुरुवात केली, आज चार सेक्शनच्या गळत्या माझ्या कानावर चालतात.

गुरुवार, ६ ऑक्टोबर

जेरेचा थोरला भाऊ वारला, चिपाटाला. संध्याकाळच्या बसने निघाला. दफन, मग शोकाचे दिवस, मग वाटण्या – दोन आठवडे धरून चालायचं.

बस डेपोवर गेले होते. न्गोनीच्या मयताला बेंबाने रडायचं नसतं, टवाळी करायची असते, तेव्हाच मेलेल्याला बरं वाटतं म्हणे. म्हटलं, "तुझ्या भावाला उंदीर घशात अडकला का रे?" जेरे हसला. डोळे लाल होते, पण हसला.

मग म्हणाला, "बाई, मी येईपर्यंत खणू नका."

"का? तू नसलास तर पाणी वाहायचं थांबतं?"

"पाणी वाहतं. ऐकणारं कोण आहे? तुमचा उजवा कान आमच्या पणजोबांनी लढाईतच कापून नेला. चिपाटाला घरात टांगलाय. येताना आणू का?"

"आण. मीठ लावून आण."

बस सुटली. खिडकीतून तो बराच वेळ माझ्याकडेच बघत होता. भावाचं दुःख.

शनिवार, ८ ऑक्टोबर

चौदाव्या रस्त्यावर सापडली. खात्रीच! पहाटे साडेचारपासून लाइनवर चालत गेले, दर वीस पावलांवर काठी. खालच्या अंगाला आवाज आहे, पण चौदाव्याच्या वळणावर तर कान भरून. रोजंदारीचे दोन गडी सोमवारी सकाळी सातला.

जेरे नाही, तर रस्ता कसा मोकळा वाटतो.

सोमवार, १० ऑक्टोबर

कोरडा.

खांद्याएवढा खणला. पाइप उघडा केला, हात फिरवला – सुका, कोमट. गडी माझ्याकडे बघतात, मी पाइपकडे. तिथली माती चिकण. चिकणमातीत आवाज लांबून येतो, पुस्तकात आहे. वर सरकायला हवं.

गुरुवार, १३ ऑक्टोबर

दोन पहाटा घालवून आज दुसरा खड्डा. चिलेशेच्या आईच्या दारात. दारात म्हणजे अगदी फाटकासमोर, माणूस उडी मारल्याशिवाय बाहेर येऊ शकत नाही.

आणि परवा चिलेशेची किचन पार्टी! नवरीच्या संसाराची भांडीकुंडी घेऊन शंभर बायका येणार. चिलेशेची आई कमरेला चितेंगेचं कापड आवळून बाहेर आली.

"मिसेस मुसोंडा, खड्डा सोमवारी नाही खणता येणार?"

"नाही. टेकडीवर बायका पाण्यावाचून बाळंत होतायत."

"माझी मुलगी पण होईल कधीतरी बाळंत. आधी लग्न तर होऊ दे!"

"ती बाळंत व्हायला टेकडीवरच जाणार आहे ना? मग खणू दे."

आत गेली. दोन मिनिटांनी गड्यांना प्यायला मक्याच्या मुंकोयोचा तांब्या पाठवला. माणूस चांगलं आहे.

दुपारी तीनपर्यंत खणलं. कोरडा.

डोंगर पोखरून उंदीर निघाला म्हणतात. इथे उंदीरही निघाला नाही. निघाला असता तर जेरेसाठी ठेवला असता.

शनिवार, १५ ऑक्टोबर

पार्टीला गेले. नाही गेले तर तोंड लपवलं असं झालं असतं. भेट म्हणून मोठं पातेलं नेलं, झाकणासकट.

खड्ड्यावर फळ्या टाकल्या होत्या. शंभर बायका भांडी डोक्यावर घेऊन फळीवरून नाचत आत येत होत्या, आणि प्रत्येक जण मधोमध थांबून खड्ड्यात वाकून बघे – "पाणी आलं का गं?" ढोल वाजवणारी म्हातारी तर कहर. मला बघितलं आणि जागेवर गाणं जुळवलं:

मुसोंडाबाईने खणली विहीर,
बेडूक म्हणाला – घशाला कोरड,
यायला होईल उशीर!

सगळं अंगण हसून कोसळलं. मीही उठले आणि नाचले. पंचविशीनंतर नाचले नव्हते. त्रेपन्नाव्या वर्षी कंबर अजून ऐकते, हे कळलं.

नवरी चटईवर डोकं झाकून बसलेली. तिला म्हाताऱ्या संसाराच्या शिकवणीचे बोल सांगत होत्या, मला नीट ऐकू आले नाहीत. ढोलांजवळ बसले होते. घरी येऊन दोन तास झाले तरी कानात ढोलामागची सू-सू चालूच आहे. इतक्या जवळ बसायला नको होतं.

सोमवार, १७ ऑक्टोबर

फ्रिज सू-सू करतो. मेकॅनिकला बोलावलं, तो म्हणतो आवाजच नाही. आजकालच्या पोरांना कामच करायला नको.

मंगळवार, १८ ऑक्टोबर

तिसरा. मोठ्या रस्त्यावर, मिनीबसच्या थांब्याशी. अर्धा रस्ता बंद करून घेतला. बसवाले शिव्या देत होते. एक कंडक्टर ओरडला, "आजी, तिकडून चीनला जाता येतं का?" म्हटलं, "तू ये खाली, आधी तुलाच पाठवते." लोक हसले. माझ्या बाजूने हसले.

कोरडा.

इंजिनिअरसाहेब आले, खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसले. सुक्या पाइपकडे बघितलं. रागावले असते तर बरं. शेवटी म्हणाले, "मिसेस मुसोंडा, यंत्राचा अर्ज… पाच तारखेला केला असता तर…" आणि वाक्य सोडून दिलं. मोजणी मलाही येते. आठवड्याभरात आलं असतं; आता अजून तीन आठवडे.

परत निघताना सिस्टर नामुकोलोचा निरोप. काल संध्याकाळी एका बाईला पाणी नाही म्हणून शहराकडे पाठवली. मिनीबस वाटेत बंद पडली. बाई रस्त्याच्या कडेला, आंब्याखाली बाळंत झाली. दोघं ठीक आहेत. मुलगी आहे. "या वेळी ठीक आहेत," एवढं सिस्टरने अधोरेखित केलं होतं.

चोवीसला सहा दिवस.

माझा कान चुकत नाही. आवाज आहे! मला ऐकू येतो! तर मग पाइप कोरडा कसा?

बुधवार, १९ ऑक्टोबर

जेरे आला. डोकं भादरलेलं, शर्टाला काळी पट्टी. मोठ्या रस्त्यावरच्या खड्ड्याशी उभा राहिला, आत बघितलं, मग माझ्याकडे.

"बाई, हे कोणासाठी? आम्ही तर भावाला पुरून आलो."

मला हसू आलं. दोन आठवड्यांत पहिल्यांदा मनापासून.

"कान आणलास का माझा?"

"उंदरांनी खाल्ला, बाई. माफ करा. आमचेच उंदीर, तुम्हाला माहीत आहेत."

गुरुवार, २० ऑक्टोबर

आज जेरेने हाताला माती लावली नाही. पहाटेपासून पहार खांद्यावर टाकून लाइनवर भटकत होता. गड्यांनी सांगितलं, जागोजाग पहार रोवतो आणि तिला डोकं लावून डुलक्या घेतो. मी सोडून दिलं. भाऊ गेलाय. एक दिवस माफ.

शुक्रवार, २१ ऑक्टोबर

सापडली! सापडली!

पिठाच्या गिरणीमागे! चौदाव्या रस्त्यापासून अर्धा किलोमीटर खाली, जिथे मी आठ तारखेलाही आवाज ऐकला होता – तेव्हाच तिथे थांबायला हवं होतं. पहाटे पाचला गेले तर जेरे गिरणीच्या मागच्या भिंतीशी, फावड्यावर हनुवटी. "सरक रे बाबा," म्हटलं. काठी लावली. आवाज! सातला खणायला सुरुवात, नऊला पाणी कारंज्यासारखं उसळलं, गिरणीची भिंत भिजली, पिठाची पोती उचलायला लोक धावले. खाली खाणवाल्यांचा जुना दगडी नाला आहे, कोणाला माहीतच नव्हता. आठवडेन् आठवडे चाळीस टक्के पाणी त्याच्या पोटात!

जेरे गळ्यापर्यंत पाण्यात उभा राहून ओरडत होता, "बेंबांनो, बघा! तुमच्या बाईला कान परत मिळाला!"

दुपारी जोड बसवला. संध्याकाळी चारला टेकडीवर गेले. सिस्टर नामुकोलोने बाळंतपणाच्या खोलीतला नळ पूर्ण सोडला आणि आम्ही दोघी नुसत्या बघत उभ्या राहिलो. मग तिने स्वतःच बंद केला. "वाया जातंय," म्हणाली.

तीन दिवस आधी. शब्द दिला होता.

मक्याचा न्शिमा आणि कपेंटाची सुकट खाऊन आठलाच झोपते आहे.

सोमवार, २४ ऑक्टोबर

स्वातंत्र्यदिन. दवाखान्याच्या अंगणात झेंडा, शाळेची गाणी, भाषणं. मला पहिल्या रांगेत बसवलं. इंजिनिअरसाहेब बोलले – "यंत्रं येतील आणि जातील, पण मिसेस मुसोंडांचा कान…" टाळ्या. आंब्याखाली झालेली ती मुलगीही आईच्या पाठीवर बांधून आणली होती. नाव ठेवलंय मेन्शी – आमच्या बोलीत पाणी! मला हात लावायला दिला.

जेरे फाटकापाशी उभा, बाकीच्या गड्यांबरोबर. त्याला खुर्ची नव्हती. ते मला आधी दिसलं नाही.

सिस्टर म्हणाली, "मी उजवीकडून तीनदा हाक मारली तुम्हाला." गाणी चालू होती, म्हटलं.

निघताना चिलेशेची आई भेटली. लेक सासरी गेली, खड्डा बुजला, बाई खुशीत. दंडाला चिमटा काढून म्हणाली, "काठी कशाला वागवता हो? आमच्या गल्लीतल्या पोरांनासुद्धा माहीत आहे – जेरेकाका जिथे उभा, तिथे पाणी. तो गावी गेला म्हणून माझ्या दारात खड्डा पडला!"

हसली. मीही हसले.

मंगळवार, २५ ऑक्टोबर

सेक्शन सहा, लहान काम. जेरे कुंपणाशी उभा होता. मी गाडीतूनच ओरडून सांगितलं, डेपोत जाऊन क्लॅम्प घेऊन ये. क्लॅम्प गाडीत होते. त्याला ते माहीत होतं. माझ्याकडे बघितलं आणि गेला.

मग मी काठी लावली. कुंपणाशी – स्स्स्स. दहा पावलांवर – स्स्स्स. रस्त्यापलीकडे – तेच. तितकंच. ना कमी, ना जास्त. गळती जवळ आली की आवाज वाढतो, लांब गेलं की घटतो. पहिल्या दिवशी शिकवतात हे.

तिथे रिकाम्या माळावर मुंग्यांचं वारूळ आहे, माझ्या दुप्पट उंच. त्याच्या आसपास अर्ध्या मैलात पाइप नाही, कधी नव्हता. नकाशा मला पाठ आहे. मी गेले आणि काठी वारुळाला लावली.

स्स्स्स.

काठी काढली. हात खाली. नुसती उभी राहिले. उजवा कान हाताने झाकला.

स्स्स्स.

जेरे क्लॅम्प न घेता परत आला. मी म्हटलं, कुंपणाशी खण. खणलं. पाणी होतं.

घरी येऊन ही वही मागे चाळली. ३ तारीख – जेरे रस्त्यात उभा. ४ तारीख – जेरे पहारीला डोकं लावून. २१ तारीख – जेरे गिरणीच्या भिंतीशी. गेल्या वर्षीची काढली, त्याच्या आधीची काढली. पानोपानी तक्रार. माझ्याच अक्षरात. "नेमका तिथेच उभा." "सरक म्हटलं." "सरक म्हटलं." एकही पान मी वाचलं नव्हतं, फक्त लिहिलं होतं.

बुधवार, २६ ऑक्टोबर

फ्रिजच्या मेकॅनिकला फोन करून माफी मागितली. तो घाबरला.

गुरुवार, २७ ऑक्टोबर

डेपोच्या मागे जेरे हत्यारं धूत होता. समोर बादली उलटी करून बसले. डावा कान त्याच्याकडे.

"जेरे, पहारीला डोकं लावून झोपतोस ना तू?"

"हो, बाई."

"झोप लागते?"

"नाही, बाई. आवाज फार असतो."

फावडं धुऊन झालं. त्याने कुदळ घेतली.

"केव्हापासून?"

"तुमचे यजमान गेले त्या पावसाळ्यापासून. तुम्ही चर्चच्या मागे खणायला लावलंत, कोरडं निघालं. आठवतं?"

आठवलं. आजारपण, धावपळ, म्हणून चूक झाली असं धरून चालले होते. चार वर्षं!

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की. दर आठवड्याला. कान कापून नेला म्हटलं, उंदरांनी खाल्ला म्हटलं. तुम्ही हसलात."

"नीट तोंडाने सांगायचं!"

"तुमच्याशी बोलायला माझ्याकडे एवढंच तोंड आहे, बाई. तुम्ही साहेब. मी खणणारा. बाकी सगळ्या तोंडांनी मी 'हो बाई' म्हणतो."

"आणि इंजिनिअरसाहेबांना? त्यांना तर सांगता आलं असतं. माझी जागा मिळाली असती."

तो कुदळ धुतच राहिला. "खणणाऱ्याच्या कानावर कोण रस्ता फोडू देतो? काठी तुमच्या हातात होती म्हणून रस्ता फुटत होता. पाणी मिळत होतं. मग कोणाच्या कानाने, याला काय करायचंय?"

मला करायचं होतं. ऑफिसात जाऊन अर्ज लिहिला, माझ्या हाताने, टाइप न करता. माझा उजवा कान गेला आहे. तीन कोरडे खड्डे माझे. यंत्र नको म्हणाले, तीही चूक माझी – ते ताबडतोब मागवावं. गेल्या चार वर्षांत सापडलेली एकही गळती मी शोधलेली नाही, ज्याने शोधली त्याचं नाव खाली दिलं आहे. यंत्र येईपर्यंत आणि आल्यानंतरही काठी त्याला द्यावी, हुद्द्यासकट. सही. तारीख.

इंजिनिअरसाहेबांनी दोनदा वाचला. "मिसेस मुसोंडा, हे… लिहायची गरज होती का?"

"साहेब, मी मीटर वाचत आले. आकडा जो दिसतो तो लिहायचा."

"आणि तुम्ही काय करणार?"

"निवृत्तीला दोन वर्षं आहेत. मीटर दिसतात मला अजून. आणि लाइनचा नकाशा जेरेला पाठ नाही, मला आहे."

शनिवार, २९ ऑक्टोबर

पहाटे पाच, अकरावा रस्ता. जेरेने काठी दोन्ही हातांनी घेतली, साहेबाची फाइल घेतात तशी. मी फावड्यावर हनुवटी टेकून उभी होते. त्याने वाकून जमीन न्याहाळली, मग माझ्या पायांकडे बघितलं.

"सरका, बाई," म्हणाला.